चिंचोक्यांचा शिफ्ट इनचार्ज

"नोकरी मागून पाह्यजो, आधी त्याचं रक्त पाह्यजो," आम्रपाली आत्याने सत्यशीलेला लग्नाआधीच बजावलं होतं.

आत्या गोंदियाच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नर्स होती. सिकलसेलची इतकी लेकरं तिच्या हाताखालून गेली होती, की लग्नघरात गेली तरी तिची नजर नवरीच्या दागिन्यांवर न ठरता डोळ्यांच्या पांढऱ्यावर ठरायची, पिवळे तर नाहीत ना म्हणून. सत्यशीलेचं रक्त कॉलेजच्या शिबिरात तपासलं गेलं होतं. ती वाहक निघाली होती. म्हणजे तिला स्वतःला काही त्रास नाही, पण रक्तातल्या दोन वाट्यांपैकी एक बिघडलेला. "त्याच्यातबी एक बिघडलेला निघाला, तं लेकराचं अवघड हाय," आत्या म्हणाली.

सत्यशीला तेव्हा दुर्गच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, गणित घेऊन. वय असं, की मोठ्यांच्या बोलण्यावर उत्तर जिभेच्या टोकावरच असायचं. ती हसून म्हणाली, "आत्या, आपण पत्रिका जाळल्या त्या काय रक्ताची पत्रिका काढायला?"

सगळ्या बायका खळखळून हसल्या. आत्या तेवढी हसली नाही. "पत्रिका खोटी असते म्हणून जाळली. रक्त खोटं नसते, बाई," म्हणाली आणि चहाचे कप गोळा करून आत गेली.

सत्यशीलेचं लग्न झालं, मुलाचं रक्त न तपासताच. भिलाईत हुडको वसाहतीतलं घर, नवरा प्रफुल तिथल्या पोलादाच्या प्लांटात नोकरीला, सासरे धोंडबा त्याच प्लांटातून निवृत्त झालेले. वर्षभरात संघमित्रा झाली. घरात ती मितू. मितू दीड वर्षाची असताना एका सकाळी तिच्या हातापायांना सूज आली. बोटं गाजरासारखी टम्म. पाऊल टेकवेना. रक्त तपासलं, मग दोघांचं तपासलं. प्रफुलही वाहकच होता.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "आईकडून एक वाटा येतो, वडिलांकडून एक. दोन्ही बिघडलेले आले की सिकलसेल. तुम्ही दोघंही वाहक आहात. तुमच्यासाठी प्रत्येक वेळी चारातलं एक."

एकाच टेबलासमोर बसून सत्यशीलेने ऐकलं 'प्रत्येक वेळी'. आणि धोंडबांनी ऐकलं 'चारातलं एक'.

धोंडबा प्लांटात कोक ओव्हनचे, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांचे, शिफ्ट इनचार्ज होते. चार ग्रुप त्यांच्या हाताखाली, ए, बी, सी आणि डी. कोणत्याही दिवशी तीन ग्रुप कामावर आणि चौथा ऑफ. कोणाला सकाळची पाळी, कोणाला रातपाळी, कोणाला सुट्टी, हा चार्ट धोंडबा लावत. त्यांनी लावलेला चार्ट कोणी बदलत नसे, ते स्वतःही नाही. कोणाच्या मेहुण्याचं लग्न असो, की कोणाचं दाढेचं दुखणं. "पाळी म्हणजे पाळी," एवढंच उत्तर. लोक कुरकुरत, पण पाळीत कधी अन्याय झाला असं कोणी म्हटलं नाही. तिथून निघाले तरी तो चार्ट त्यांच्या डोक्यातून निघाला नव्हता. बाजारात वांगी महागली की ते म्हणत, "आता टमाट्याची पाळी." शेजारच्या दोन घरी चोरी झाली, तर तिसऱ्या रात्री दाराला टेकून बसले.

दवाखान्यातून परत येताना त्यांनी रिक्षातच हिशेब लावला. "पोरी, भिऊ नको. चारातलं एक म्हणजे चार ग्रुप. डी ग्रुपचा ऑफ झाला की बाकी तिघांचे होईपर्यंत डीचा नंबर येत नाई. आपल्या घरची पाळी होऊन गेली. पुढची तीन लेकरं ठणठणीत."

"बाबा, तसं नसतं."

"मंग डॉक्टरीन खोटं बोलून राहिली काय?"

 मांडीवर सुजल्या हातांचं लेकरू असताना सासऱ्याला संभाव्यता कोण शिकवणार? आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं, असू दे बाबांचंच खरं.

मितू मोठी होत गेली. सत्यशीलेचा हात दिवसातून कितीदा तिच्या कपाळावर जायचा, डोळ्यांखालचं कातडं ओढून पाहायचा, त्याला गणती नव्हती. कूलरसमोर झोपू नको, उन्हात धावू नको, पाणी कमी पडलं की दुखणं उठतं, बाटली रिकामी दिसू देऊ नको. पण पोरगी रडवी निघाली नाही. पहिलीत गेल्यावर नव्या टीचरने वर्गात पाणी पिताना टोकलं, तर उभी राहून म्हणाली, "टीचर, मुझे पूछना नहीं होता, मुझे पीना होता है." टीचरने हे सांगायला सत्यशीलेला मुद्दाम थांबवलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत सत्यशीलेचे पाय जमिनीला लागले नाहीत.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मात्र तिने मनाच्या कोपऱ्याचं ऐकलं नाही. तिसऱ्या महिन्यातच प्रफुलला घेऊन मोठ्या शहरातल्या इस्पितळात गेली आणि गर्भाची तपासणी करून घेतली. वाईट निघालं असतं तर काय केलं असतं, हे तिने कोणाला सांगितलं नाही आणि प्रफुलनेही विचारलं नाही. बाळ वाहक निघालं, आईबापासारखं. धोंडबा म्हणाले, "पाह्यलं? उगाच सुई टोचून घेतली. मी तं आधीच सांगतलं होतं."

घोडं इथेच पेंड खात होतं. बाबा चुकले असते तर त्यांची समजूत घालता आली असती. पण ते बरोबर आले, आणि चुकीच्या वाटेने बरोबर ठिकाणी पोचलेल्या माणसाला वाट चुकली म्हणून पटवायचं कसं?

अमरदीपच्या नामकरणाला विहाराच्या हॉलमध्ये मंडळी जमली. जेवणानंतर धोंडबांभोवती त्यांच्या जुन्या ग्रुपची बैठक बसली. त्यात फकिरा होते. गॅसच्या लाइनीवरचे फिटर, आता भिलाईजवळच्या जामुलला मुलाजवळ राहणारे. धोंडबांना पाहून ते "जय भीम" म्हणत आणि धोंडबा त्यांना "राम राम" म्हणत. एकमेकांचा नमस्कार एकमेकांनी उचलायचा, हा त्यांचा रिवाज. फकिरांचा नातूही सिकलसेलचा. सत्यशीला आणि फकिरांची सून नीतू यांची ओळख औषधाच्या लाइनीतच झाली होती.

सत्यशीला बाळाला घेऊन फिरत होती, पण डोळे नीतूवर होते. नीतूने भज्यांचं ताट दूर सरकवलं. मग पदर नाकाला लावला. मग उठून बाहेर जाऊन आली आणि तोंड पुसत बसली. सत्यशीलेने मनातल्या मनात महिने मोजले.

तेवढ्यात बैठकीतून धोंडबांचा आवाज आला, "फकिरा लेका, घाबरतं कावून? आमच्या घरी पाह्य. पहिली मितू, दुसरा हा अमरदीप, साफ. चारातलं एक होऊन गेलं. तुमच्या घरचीबी पाळी होऊन गेली."

फकिरा मांडीवर थाप मारून म्हणाले, "तू म्हणतं तं झालं, धोंडबा भाऊ. तुझा चार्ट कधी चुकला हाय?"

सत्यशीलेने बाळ प्रफुलकडे दिलं.

तिने नीतूला हॉलच्या मागे गाठलं. "किती झाले?"

नीतू लाजली. "दो महीने ऊपर. अभी किसी को बताया नहीं, ताई. फक्त घरी मालूम आहे."

"तपासणीला कधी जाणार? याला वेळ असते गं. दोन-तीन आठवड्यांत गेलं पाहिजे."

"अब काहे को? काका बोले ना, पाळी हो गयी."

"काकांना त्यातलं काय कळतं!"

नीतूचा चेहराच बदलला. "ताई, तुमचे ससुर आहेत म्हणून तुम्ही बोलता. आमच्या घरात त्यांचा शब्द कोणी काटत नाही. बाबूजी बोलते हैं, धोंडबा भाऊच्या चार्टवर आम्ही आगीत उतरलो. आणि हे तर..." ती थांबली. "आणि जाऊन काय करू? माझा मोठा आहे ना तसाच. तो काय नको होता मला?"

 सत्यशीलेला तिथल्या तिथे कळलं, की नीतूला समजावून उपयोग नाही, प्रवीणला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, समजावूनही नाही. कुलूप जामुलला होतं, पण किल्ली हुडकोत तिच्याच घरी, रोज व्हरांड्यातल्या खाटेवर बसून तंबाखू मळायची.

दुसऱ्या दिवशी दुपार. बाहेर चैताचं ऊन. मितूला अंगणात जायला बंदी, म्हणून व्हरांड्यात आजोबा आणि नात खेळ मांडून बसले होते. चिंचोका दगडावर घासून त्याची दोन फाकं करायची, एक बाजू पांढरी, एक काळी. अशी दोन फाकं हातात खुळखुळवून टाकायची. दोन्ही काळी पडली की सोंगटी घराबाहेर निघते. तोवर बसा वाट पाहत. सत्यशीला अमरदीपला पाजत दाराशी बसली होती.

धोंडबांची सोंगटी काही केल्या निघेना. "आता पडतेच," प्रत्येक वेळी ते म्हणत. "इतक्या वेळा नाई पडली, आता पडल्याशिवाय जाते कुठं?"

नाही पडली. मितूने टाकली, दोन्ही काळी. नियमाने तिला आणखी एक डाव मिळाला. पुन्हा दोन्ही काळी.

"हे काय? तुझी पाळी आत्ताच होऊन गेली!" धोंडबा उसळले.

"आबाजी, आप तो रोने लगे!" मितू टाळ्या पिटत म्हणाली.

सत्यशीलेने बाळाला खांद्यावर घेतलं. जपून बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलं, "बाबा, चिंचोक्यांना कसं कळावं मितूची पाळी होऊन गेली ते?"

"चिचोक्याले नाई कळत. पण हिशेब असते ना."

"ठेवतं कोण तो हिशेब? प्लांटात तुम्ही होते. डी ग्रुप काल ऑफ होता, हे तुमच्या ध्यानात होतं, म्हणून आज त्याला ऑफ नाही. तुम्ही नसते तर पाळी कुठून आली असती? इथं कोण बसलं आहे ध्यानात ठेवायला? चिंचोक्यांचा शिफ्ट इनचार्ज कोण?"

धोंडबांनी तंबाखू थुंकली.

"मितूच्या छठीला शेजारच्या काकी म्हणाल्या, कोरा कागद अन् पेन ठेवा, सटवी येऊन नशीब लिहून जाते. तुम्ही हात जोडून त्यांना परत पाठवलं. म्हणाले, आमच्या घरी कोणी लिहायला येत नाही. मग बाबा, ही पाळी कोण लिहून राहिलं? तुम्ही तर सटवीलाच ड्यूटीवर घेतलं!"

बोलून झाल्यावर तिला धडकी भरली. सासऱ्याला असं कधी बोलली नव्हती. धोंडबा उठले. दोन्ही फाकं खिशात टाकली आणि घराच्या मागे निघून गेले. मितू ओरडली, "आबाजी, मेरा दाँव!" पण त्यांनी मागे पाहिलं नाही.

मागच्या बाजूने टप टप असा आवाज येत राहिला. मधेच थांबे, पुन्हा सुरू होई. सत्यशीलेने दोनदा खिडकीतून डोकावलं. म्हातारा पायरीवर बसून एकटाच फाकं टाकत होता. टाकायची, वाकून पाहायची, उचलायची. रागावलेला दिसत नव्हता. नव्या मशीनचा आवाज ऐकत असावा तसा दिसत होता.

ऊन कललं तेव्हा ते आत आले आणि फाकं तिच्यासमोर ठेवली.

"तीनदा लागोपाठ पडल्या. मंग लय वेळ पडल्याच नाईत. मी म्हणलं आता पडतीन, तं नाई. आता नाई पडणार म्हणलं, तं पडल्या." जरा थांबून म्हणाले, "मंग चारातलं एक हे खोटं?"

"खोटं नाही बाबा. पोतंभर जोड्या टाकल्या तर साधारण चौथा हिस्सा काळ्या-काळ्या निघतीलच." चिंचोक्याचं फाक अगदी अर्धं-अर्धं पडतं असं नाही, हे तिच्यातल्या गणितवालीने मनात नोंदवलं, पण ते आता सांगायची गरज नव्हती. "पण पुढचं एक टाकताना मागचं पोतं कामाचं नाही. आम्हाला कॉलेजात हेच होतं. पहिली काळी जोडी पडायला किती वेळा टाकावं लागेल, असा प्रश्न असायचा. गंमत अशी, की कितीही वेळा टाकून हात रिकामा राहिला असू द्या, तिथून पुढे किती लागतील याचं उत्तर पहिल्या दिवशी होतं तेच. वाट पाहिल्याने काही जमा होत नाही. अन् एकदा पडून गेली म्हणून काही खर्चही होत नाही. त्याला आठवणच नसते."

"म्हणजे दर वेळी नवी हाजरी."

"हो. अन् कालचं रजिस्टर नाही."

धोंडबांनी एक फाक उचललं. "हे तुझं." दुसरं उचललं. "हे प्रफुलचं. काळं पडलं तं बिघडलेला वाटा. दर लेकराले दोन्ही नव्यानं टाकायचे." मग दोन्ही मुठीत मिटून म्हणाले, "अन् मी त्या फकिराले सांगून बसलो."

मितू केव्हा येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक. हातात पाण्याची बाटली. "मम्मी, मैं दोनों काली हूँ ना?"

 जे नीतूने हॉलमागे विचारलं होतं तेच हे, फक्त लहान आवाजात. सत्यशीलेचे शब्द जुळेपर्यंत धोंडबांनी नातीला जवळ ओढलं. खेळ मांडलेल्या फरशीवर अजून तिची सोंगटी घराबाहेर, पार पुढे जाऊन उभी होती.

"हो, दोन्ही काळ्या. अन् दोन्ही काळ्या पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघते काय?"

"नहीं."

"मंग? तू आली म्हणून तं आपला खेळ सुरू झाला. पाह्य, आबाजी अजून घरातच बसून हाय."

मितू इतकी हसली की बाटलीतलं पाणी फरशीवर सांडलं. सत्यशीला पुसायला म्हणून वाकली आणि तशीच जरा वेळ वाकून राहिली.

"सकाळी जामुलले जायचं," वरून आवाज आला. "तू चाल संगं. गणिताचं अडलं तं तू सांगजो."

सकाळी प्रफुलचा ऑफ होता, लेकरं त्याच्या हवाली झाली. धोंडबा आजवर सुनेच्या स्कूटीवर मागे बसले नव्हते. "लोकं काय म्हणतीन?" हे त्यांचं कायमचं. आज गुपचूप बसले. पांढरा सदरा, इस्त्री केलेली पँट, खिशात दोन फाकं. वळणावर मात्र तिचा खांदा घट्ट धरून म्हणाले, "हळू चालव माय, मले आज पोचायचं हाय."

जामुलला फकिरा दारातच खुर्ची टाकून बसले होते. "जय भीम भाऊ!"

"राम राम. नीतूले बोलाव. प्रवीण घरी असला तं त्यालेबी."

प्रवीण ड्यूटीवर होता. नीतू पाणी घेऊन आली. धोंडबांनी पाणी घेतलं, ग्लास खाली ठेवला, आणि प्रस्तावना न करता म्हणाले, "फकिरा, मी परवा चुकीचं सांगतलं. पाळी-बिळी काही नसते. पोरीले तपासणीले पाठव."

फकिरांना वाटलं थट्टा आहे. "अन् मंग तुझा अमरदीप? खरं निघालं ना तुझं!"

"खरं निघालं. पण माह्या सांगण्यानं नाई निघालं." त्यांनी फाकं काढली, आई कोणती, बाप कोणता ते सांगितलं आणि फकिरांच्या हातात दिली. "टाक."

फकिरांनी टाकली. दोन्ही काळी.

"हा तुझा नातू. आता टाक."

एक पांढरं, एक काळं. "टाक." पुन्हा तसंच. "अजून." दोन्ही पांढरी.

फकिरा हर्षाने ओरडले, "एक झाली, तीन साफ! लेका धोंडबा, हा तं तुझाच चार्ट!"

सत्यशीलेने कपाळावर हात मारायचाच बाकी ठेवला. चिंचोके कोणाचे नोकर नव्हते. आज त्यांनी फकिरांची बाजू घेतली होती. हेच तर खरं गणित, पण ते या घटकेला सांगून कोणाला पटणार? नीतू सासऱ्याकडे पाहून हसू दाबत होती. डाव हातचा जात होता.

धोंडबांनी फाकं उचलून परत खिशात टाकली. आवाज न चढवता विचारलं, "फकिरा, गॅसच्या लाइनीवर तू किती वेळा चढला?"

"कोण मोजते बाप्पा! सारी जिंदगी चढलो."

"दर वेळी आधी गॅसचा मीटर लावून हवा पाह्यली?"

"नाई पाह्यली तं तू चढू देत होता काय? एकदा मी म्हणलो, आत्ताच खाली उतरलो, हवा साफ हाय. तं तू चारचौघांत अशी शिवी हासडली..."

"साफच होती ना? काल साफ, परवा साफ, आत्ता साफ. मंग पुन्हा मीटर कावून?"

"अरे, गॅसले काय मालूम का काल थो निघाला होता का नव्हता..."

फकिरा बोलता बोलता थांबले. तोंड उघडंच राहिलं. 

"गॅसले आठवण नसते," धोंडबा म्हणाले. "रक्तालेबी नसते. एकदा निघाला म्हणून आज नाई निघणार, असं म्हणून मी तुले कधी वर चढवलं नाई. आज तुझ्या सुनेले चढवून राहिलो होतो. बिना मीटरचं."

फकिरा जमिनीकडे पाहत म्हणाले, "भाऊ, तू तं लावलेला चार्ट कधी बदलत नव्हता."

"नाई बदलला कधी. आज बदलून राहिलो."

म्हातारा हे खालमानेने बोलला नाही. खुर्चीत ताठ बसून बोलला. शिफ्ट सुरू होण्याआधी ग्रुपसमोर उभं राहून बोलत असेल, तसा. सत्यशीलेला वाटलं, आत्ता इथे आम्रपाली आत्या पाहिजे होती. लग्न होऊन आल्यापासून या माणसाच्या पाया ती रिवाज म्हणून पडत आली होती. आज उठून मनापासून पडावंसं वाटलं. पण ते असल्या गोष्टीला रागावले असते, म्हणून तिने फक्त त्यांचा रिकामा ग्लास उचलला.

नीतू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "ताई, आणि काही निघालं तर?"

"तर तू अन् प्रवीण बसून ठरवाल. मी सांगणार नाही, बाबाही सांगणार नाहीत. पण ठरवायला तुमच्या हातात वेळ असेल. आणि ठेवायचं ठरलं, तर लेकरू आल्या दिवसापासून औषधपाण्याला तुम्ही तयार असाल. माझ्या मितूची बोटं सुजेपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता." तिने आवाज खाली आणला. "परवा तू विचारलंस ना, मोठा नको होता का म्हणून? तपासणी त्याच्याबद्दल नाही गं. तो तर केव्हाच घराबाहेर निघून खेळायला लागला."

सोंगटीचं नीतूला काही कळलं नसावं, पण ती फिकट हसली. मग सासऱ्याकडे वळली. "बाबूजी, मैं जाऊँगी."

फकिरांनी मान हलवली. "जा माय. मीटर लावून ये."

परतीला धोंडबा पुन्हा स्कूटीवर मागे बसले. हुडकोचं वळण आल्यावर म्हणाले, "पोरी, तुह्या त्या पुस्तकात अजून काय काय हाय? सांगत जाय कधी." सत्यशीलेला रस्ता एकदम धूसर दिसू लागला. तिने स्कूटीचा वेग कमी केला. ती डिग्री इतकी वर्षं पेटीत कपड्यांखाली पडून होती, आणि तिला आज पहिल्यांदा कोणीतरी बाहेर बोलावलं होतं.

नीतू आणि प्रवीण वेळेत जाऊन आले. रिपोर्टचा फोन फकिरांनी स्वतः केला, स्पीकरवर टाकावा लागला नाही इतक्या मोठ्याने. बाळ साफ होतं. वाहकसुद्धा नव्हतं, दोन्ही पांढरी. इकडे धोंडबांनी डोळे मिटून दीर्घ श्वास सोडला. तिकडून फकिरा ओरडले, "पाह्यलं भाऊ? पाळी होऊन गेलीच होती!"

धोंडबांनी कपाळाला हात लावला. मितूने विचारलं, "आबाजी, कौन हारा?" सत्यशीलेला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

आता गोष्ट अशी आहे. नीतूला मुलगी झाली, गुटगुटीत आहे. धोंडबा दर भेटीत खिशातून फाकं काढून फकिरांना खेळायला बसवतात आणि फकिरा दर भेटीत हिशेब लावतात. पण नीतूच्या घरी तिसऱ्याची इच्छा आहे, असं सत्यशीलेच्या कानावर आलंय. एक चांगलं झालं की माणसं निर्धास्त होतात, दोन झाली की विसरतात. सत्यशीलेचा जीव मितूच्या बाटलीत आणि अमरदीपच्या रांगण्यात अडकलेला. तिला दर आठवड्याला जामुल गाठणं होत नाही. म्हणून तिचं तुम्हालाच सांगणं आहे. जामुलकडे जाणं झालं तर फकिरांच्या घरी थोडं डोकावा, नीतूला भेटा. त्या घरी नाही जमलं, तर तुमच्या ओळखीत "आमची पाळी होऊन गेली" म्हणणारी जी कोणी असेल, तिच्याकडे जा. चहा घ्या, लेकरांचं कौतुक करा, आणि निघताना हळूच विचारा, तपासणी केलीस का म्हणून. ती मागच्या वेळचं सांगू लागेल. ते ऐकून घ्या, आणि या वेळचं विचारा.